हेडमध्ये तुटलेला स्टड: काढायचा कसा आणि कुठे थांबायचं

बोल्ट तुटण्याआधी हाताला कळतं. गंजलेला बोल्ट सुटताना आधी कडक लागतो, मग कर्रकन आवाज करून सैल होतो. तो आवाज चांगला. तुटणारा बोल्ट आवाज करत नाही, तो रबरासारखा लागायला लागतो. पाना फिरतोय, पण जोर वाढायच्या ऐवजी किंचित कमीच लागतोय असं वाटतं, आणि तेवढ्यात पाना हलका होऊन हात मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्यावर, आपटतो. ती रबरासारखी जाणीव झाली त्याच क्षणी हात थांबवा. बोल्टचं पोलाद ताणलं गेलंय, पण अजून एकसंध आहे. आलात तितकंच उलट फिरवा, तेल सोडा आणि दुसऱ्या दिवशी या. पुष्कळ बोल्ट एवढ्यावर वाचतात.

2024च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यात शिरलं, तेव्हा कितीतरी गाड्या दोन-दोन दिवस पाण्यात उभ्या होत्या. सीट, वायरिंग, तेल यांचं काम लोकांनी लगेच करून घेतलं. बोल्टांकडे कुणी बघितलं नाही, आणि बघणार तरी कशाला? गंज आतल्या आत धरत गेला. पुढच्या वर्षभरात वाडी भागातल्या माझ्या शेडमध्ये मी जितके तुटलेले स्टड (स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला, बिनडोक्याचा बोल्ट) काढले, तितके आधीच्या पाच वर्षांत काढले नसतील. त्यातूनच हे सगळं नीट लिहून काढावंसं वाटलं, कारण माझ्याकडे येईपर्यंत बहुतेक गाड्यांत मूळ बिघाडापेक्षा त्यानंतरच्या तासाभरातल्या घाईचं नुकसान मोठं झालेलं असायचं.

उदाहरण एकच धरतो: ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या सिलिंडरांवर बसणाऱ्या भागात, अडकलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा 8 मिमीचा स्टड, आटे 1.25चे, म्हणजे दोन आट्यांत 1.25 मिमी अंतर. आपल्या छोट्या गाड्यांत हेच माप सर्रास दिसतं. थर्मोस्टॅट हाउसिंगचा किंवा वॉटर पंपाचा 6 मिमीचा बोल्ट असला तरी पद्धत हीच, फक्त हात आणखी हलका लागतो.

तुटला कसा, ते आठवा

सगळ्यात आधी हे ठरवा की बोल्ट आवळताना तुटला की सोडताना. यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

आवळताना डोकं उडालं असेल तर आत राहिलेला तुकडा बहुधा अडकलेलाच नसतो. डोकं होतं तोवर बोल्ट ताणलेला होता. डोकं गेलं, ताण गेला. असा तुकडा मी कित्येकदा टोकदार सळईने कडेला टोचत टोचत, उलट्या दिशेने ढकलत हाताने बाहेर काढलाय. इथे ड्रिल उचलणं म्हणजे सोपं काम अवघड करणं.

सोडताना तुटला असेल तर गोष्ट वेगळी. आटे गंजाने धरलेत आणि ती पकड बोल्टच्या पोलादापेक्षा भारी ठरली. ॲल्युमिनियममध्ये लोखंडी बोल्ट असेल तर नुसता तांबडा गंज नसतो. दोन वेगळे धातू आणि मधे ओलावा, की ॲल्युमिनियमही झिजतं आणि त्याची पांढरी पावडर आट्यांत भरते. ती पावडर मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणून बोल्ट आतून आवळल्यासारखा होतो. तुकड्याच्या कडेला पांढरं दिसलं तर समजा, तेल आत उतरायला वेळ लागणार.

मग बघा तुकडा कुठे आहे: पृष्ठभागाच्या वर खुंट राहिलाय, बरोबर पातळीवर आहे की आत आहे. शेजारचा शाबूत स्टड काढता आला तर काढून त्याची लांबी मोजा. हेडच्या आत किती धातू शिल्लक आहे हे त्यावरून कळतं. हा आकडा भिंतीवर खडूने लिहून ठेवा, ड्रिल करताना लागेल. त्या भोकाच्या मागे पाण्याची किंवा तेलाची वाट असू शकते.

जागा करून घ्या

या टप्प्यावर लोक सगळ्यात जास्त कंजूषी करतात. रेडिएटरचा पंखा काढायला वीस मिनिटं लागतात म्हणून वाकड्या हाताने ड्रिल धरतात आणि दोन तास घालवतात. ड्रिल स्टडच्या सरळ रेषेत येत नसेल तर आधी आड येणारं सगळं काढा. पंखा, हीट शील्ड, ऑक्सिजन सेन्सर, गरज पडली तर रेडिएटरसुद्धा. इंजिन आडवं आणि एक्झॉस्ट मागच्या बाजूला असेल तर काटकोनी डोक्याचं ड्रिल भाड्याने आणा, नाहीतर हेड उतरवायची तयारी ठेवा.

इंजिन पूर्ण थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडा. एक्झॉस्ट पोर्टमध्ये स्वच्छ कापडाचे बोळे घट्ट बसवा आणि किती बोळे घातले ते मोजून ठेवा. लोखंडाचा कीस चुंबकाने निघतो, ॲल्युमिनियमचा निघत नाही. तो व्हॉल्व्हच्या सीटवर किंवा सिलिंडरमध्ये गेला तर बोल्टपेक्षा महाग पडतो. डोळ्यांना गॉगल लावा. ड्रिल चालवताना हातमोजे घालू नका, फिरत्या बिटात कापड गुंडाळलं की बोटं पाठोपाठ जातात.

आणि एक गोष्ट ठळकपणे सांगतो. जिथे आच द्यायची किंवा वेल्डिंग करायचं आहे, तिथे ब्रेक क्लीनर मारू नका. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनची संयुगं असतात. ती वेल्डिंगच्या उष्णतेत आणि किरणांत आली की फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो. साफ करायचं तर तारेचा ब्रश घ्या, साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या.

तेल, आच आणि एक रात्र

गंज उतरवणारं कुठलंही पातळ तेल चालेल. बरेच मेकॅनिक ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन सम प्रमाणात मिसळून वापरतात. ते चांगलं आत शिरतं, फक्त दोन्ही वेगळे होतात म्हणून प्रत्येक वेळी बाटली हलवावी लागते, आणि ॲसिटोन चटकन पेट घेतं म्हणून ते लावल्यावर वाळेपर्यंत आच जवळ आणायची नाही. आमच्याकडे साधा डब्यातला स्प्रे असतो. कोणतं तेल वापरता यापेक्षा ते किती वेळ दिलं हे जास्त महत्त्वाचं. संध्याकाळी लावा, तुकड्याच्या तोंडावर छोट्या हातोडीने आणि पंचाने दहा-वीस हलके ठोके द्या, म्हणजे गंजाला बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. झोपायच्या आधी एकदा, सकाळी एकदा.

ॲल्युमिनियम हेडला आच देण्यामागचं गणित साधं आहे. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. 8 मिमीच्या भोकाभोवतीचं हेड 150 अंशांनी तापवलं तर भोक आणि स्टड यांच्या फुगण्यात साधारण 13 मायक्रॉनचा फरक पडतो, म्हणजे केसाच्या जाडीचा लहानसा अंश. पण आट्यांत बसलेल्या गंजाची पकड सुटायला तेवढा पुरतो. म्हणून आच स्टडला नाही, त्याच्या भोवतालच्या हेडला द्यायची, आणि टॉर्च एका जागी न धरता गोल फिरवत राहायची. लोखंड लाल होऊन सांगतं, ॲल्युमिनियम सांगत नाही. शुद्ध ॲल्युमिनियम सुमारे 660 अंशांना वितळतं, हेडचे मिश्रधातू त्याहून आधीच मऊ पडू लागतात, आणि तोवर रंग बदललेला दिसत नाही. हेडवर पाण्याचा थेंब टाका; तो चर्रकन उडून जाऊ लागला की पुरे झालं.

गरम असतानाच साध्या मेणबत्तीचं टोक स्टडच्या कडेला टेकवा. मेण वितळून आट्यांच्या फटीत ओढलं जातं. हे पाहायला फार सुंदर असतं: कडेला उभा असलेला मेणाचा थेंब एकदम आत गडप होतो. तो गडप झाला म्हणजे वाट उघडली. गडप झाला नाही तर थंड होऊ द्या आणि परत तापवा. तीन-चार वेळा तापवणं आणि थंड करणं हे कुठल्याही महाग हत्यारापेक्षा जास्त उपयोगी पडलेलं मी पाहिलंय.

खुंट बाहेर असेल तर

मग नशीब चांगलं. वाइस प्लायर (पकडून घट्ट अडकून राहणारी पकड) लावायच्या आधी खुंटाला कानशीने दोन बाजूंनी सपाट करा. गोल पृष्ठभागावर प्लायर घसरतो, आणि दोन-तीनदा घसरला की खुंट गुळगुळीत होऊन बसतो. बडोद्याच्या कलाभवनात शिकत होतो तेव्हा पहिले कितीतरी दिवस आम्हाला नुसती कानस घासायला लावायचे. सयाजीराव महाराजांनी 1890मध्ये सुरू केलेली ती संस्था, आणि आमचे मास्तर म्हणायचे की कानस सपाट चालली की बाकी सगळं आपोआप येईल. तेव्हा राग यायचा. आज खुंटाला दोन सरळ बाजू दोन मिनिटांत निघतात, ते त्याच दिवसांमुळे.

आट्यांचा भाग पुरेसा बाहेर असेल तर दोन नट चढवून एकमेकांवर आवळा आणि आतल्या नटला पाना लावून सोडा. सोडताना एकाच दिशेने जोर लावू नका. आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या दिशेने, असा पुढे-मागे. घड्याळाचा तासकाटा अर्ध्या तासात सरकतो तेवढंही हललं तरी जिंकलात. तेल टाका आणि तेवढंच परत फिरवा. ओढून काढायच्या मोहात तो खुंटही तोडलेला मी पाहिलाय.

नट वेल्ड करणं

खुंट पातळीवर किंवा दोन-तीन मिमी आत असेल आणि तुमच्याकडे किंवा शेजारी मिग वेल्डिंग (सतत पुढे येणाऱ्या तारेने होणारं वेल्डिंग) असेल, तर माझ्या मते हीच पहिली पसंती. ड्रिलच्याही आधी. कारण साधं: वेल्डिंगची उष्णता थेट स्टडमध्ये जाते. स्टड फुगतो, गंजाला चिरडतो, आणि थंड होताना आकसतो तेव्हा पकड सुटलेली असते. वर नट चिकटलेला असतोच, पाना लावायला जागा मिळते.

8 मिमीच्या स्टडवर 8चाच नट ठेवा. त्याचं भोक साधारण पावणेसात मिमीचं असतं, म्हणून ते स्टडच्या आत पडतं आणि हेडच्या कडेवर थेट आर्क (वेल्डिंगची ठिणगी) लागत नाही. नट साधा काळा घ्या. जस्ताचा मुलामा असलेल्या नटाचा धूर वाईट असतो आणि वेल्डही नीट धरत नाही. नटच्या भोकातून आर्क स्टडच्या मध्यावर लावा, आधी तिथे धातूचं तळं होऊ द्या, मग कडेला येत नट भरून काढा. नट आधी तापवून मग स्टडकडे गेलात तर वेल्ड वरवर बसतो आणि पहिल्याच झटक्यात निघून येतो. पोलादाचा वेल्ड ॲल्युमिनियमला चिकटत नाही, म्हणून हेड बहुधा सुरक्षित राहतं. बिडाच्या ब्लॉकमध्ये मात्र चिकटू शकतो, तिथे जास्त सांभाळून.

अर्थिंगचा क्लॅम्प हेडवरच, स्टडच्या जवळ लावा. बॉडीवर लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो. इंजिनचा कंट्रोल युनिट जवळ असेल तर त्याचा कनेक्टर काढून ठेवा. पेट्रोलची नळी कुठून जातेय ते बघा, ओलं पोतं आणि अग्निशामक हाताशी ठेवा.

वेल्ड झाल्यावर लगेच पाना लावू नका. लाली जाऊ द्या, मग मेण लावा, आणि पुढे-मागे. पहिला नट तुटून आला तर नाउमेद होऊ नका. दुसरा वेल्ड करा, तिसरा करा. प्रत्येक वेळची उष्णता काम करतच असते. पूर आल्यानंतरच्या एका गाडीत चौथ्या नटला स्टड हलला. माझ्याकडे शिकणारा मुलगा तिसऱ्यालाच म्हणत होता, "काका, आता ड्रिलच करू." चौथ्या नटला तो पाना धरून होता. स्टड पहिल्यांदा हलला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, त्यासाठी एक तास थांबलो ते बरं झालं.

मध्य सापडला तर सगळं सापडलं

वेल्डिंगची सोय नसेल, किंवा तुकडा खूप आत असेल, तर ड्रिल. सगळं यश पहिल्या भोकात आहे. मधोमध भोक पडलं तर पुढे काहीही करता येतं. एक मिलिमीटर बाजूला गेलं तर बिट कठीण स्टड सोडून मऊ ॲल्युमिनियमकडे सरकतं, आणि मग हेडचे आटे जातात.

तुटलेलं तोंड कधीच सपाट नसतं. त्यावर थेट सेंटर पंच ठेवलात तर तो उताराकडे घसरणारच. छोट्या ग्राइंडिंग पॉइंटने किंवा कानशीच्या टोकाने आधी ते तोंड सपाट करा. मग मार्करने काळं करा आणि समोरून, वरून, बाजूने, तिन्हीकडून बघत मध्य ठरवा. पंच हलका मारा, बघा, चुकला असेल तर पंच तिरका धरून खड्डा सरकवा, बरोबर झाला की मग जोरात मारा. मी यासाठी वीस मिनिटं सहज घालवतो.

पण तुकडा चार-पाच मिमी आत तुटला असेल, आणि वरचे आटे चांगले असतील, तर डोळ्यांवर अवलंबून राहायची गरजच नाही. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, माझ्या ओळखीचा एक लेथवाला आहे. त्याच्याकडून 8 मिमीच्या बोल्टच्या तुकड्यात आरपार, बरोबर मधोमध 3 मिमीचं भोक पाडून घ्यायचं. हा पोकळ बोल्ट त्याच आट्यांत हाताने फिरवून तुकड्याला टेकेपर्यंत बसवायचा. आटे स्वतःच तो मध्यावर धरतात, आणि ड्रिल त्याच्या पोटातून गेलं की चुकायला जागाच नाही. लेथवर हे पंधरा मिनिटांचं काम. पहिल्यांदा मी त्याला घाई केली तेव्हा तो चकवर डायल लावून बोल्ट किती डगमगतोय ते बघत होता. मान वर न करता म्हणाला, "शांती राखो, भाई." त्या पोकळ बोल्टाने मी आजवर सात-आठ स्टड काढलेत, तो अजून माझ्या पेटीत आहे.

ड्रिलचं बिट कोबाल्टचं घ्या. साधं बिट चालतं, पण 8.8 दर्जाच्या, म्हणजे मजबूत पोलादाच्या, बोल्टात लवकर बोथट होतं, आणि बोथट बिट घासत राहिलं की पृष्ठभाग आणखी कडक होतो. आधी 3 मिमी, मग 4, मग 5. वेग कमी ठेवा: 3 मिमीला मिनिटाला हजार-बाराशे फेरे, 6.8 मिमीला चारशे-पाचशे. जोर दोन्ही हातांनी सरळ रेषेत लावा, तेलाचे थेंब टाकत राहा, थोड्या थोड्या वेळाने बिट बाहेर काढून कीस झाडा. लांब वळ्यांचा कीस निघत असेल तर ठीक चाललंय. नुसती पावडर आली तर बिट घासतंय, कापत नाही. थांबा, धार लावा. कीस निळा पडत असेल तर वेग जास्त आहे. बिटावर टेप गुंडाळून खोलीची खूण करून ठेवा. भिंतीवर खडूने लिहिलेला आकडा इथे कामाला येतो.

डाव्या फिरतीची बिटं मिळत असतील तर नक्की आणा. ड्रिल उलट फिरवायचं. बिट कापतंही आणि सोडायच्या दिशेने ओढतंही. आधी तेल आणि आच दिली असेल तर कधीकधी 5 मिमीच्या बिटाने धरलं की तुकडा गरगर फिरत स्वतःच वर येतो.

एक्स्ट्रॅक्टर: इथे थोडं रागावून लिहितो

दुकानात सगळ्यात सहज मिळतो तो निमुळता, उलट आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर. भोकात ठोकायचा आणि उलटा फिरवायचा. दिसायला अगदी बरोबर वाटतं. पण तो निमुळता असल्यामुळे फिरवताना पाचरीसारखा आत घुसतो आणि तुकड्याला बाहेरच्या बाजूला दाबतो, म्हणजे आधीच जाम झालेला स्टड आणखी जाम होतो. शिवाय हे हत्यार ठिसूळ, कडक पोलादाचं असतं. ते आत तुटलं की हातातल्या कुठल्याही ड्रिलने कापत नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी हे केलंय. 6 मिमीचा बोल्ट, बारीक एक्स्ट्रॅक्टर, हात घाईत. टक्क असा आवाज झाला आणि एक्स्ट्रॅक्टरचं टोक हेडच्या पृष्ठभागाबरोबर तुटलं. आधी सुटू शकणारा बोल्ट होता; नंतर पूर्ण हेड उतरवून स्पार्क मशीनवर (ठिणग्यांनी धातू कुरतडणारं मशीन) पाठवावं लागलं. मालकाला मी स्वतः जाऊन सांगितलं आणि गॅसकेटपासून मजुरीपर्यंतचा खर्च उचलला.

म्हणून माझा नियम: एक्स्ट्रॅक्टर फक्त तेव्हाच, जेव्हा तेल, आच, ठोके हे सगळं आधीच झालंय आणि तुकडा सैल असल्याची काहीतरी खूण मिळालीय. घ्यायचाच तर सरळ दांड्याचा, कडेला खाचा असलेला घ्या, तो पाचरीसारखा फुगवत नाही. संचावर लिहिलेलंच भोक पाडा. लांब दांडीचा पाना लावू नका. टॅपच्या (आटे पाडायच्या हत्याराच्या) छोट्या हँडलने, दोन्ही बाजूंना सारखा जोर द्या. एक्स्ट्रॅक्टर पिळ खाताना दिसला, ती रबरासारखी जाणीव परत हाताला आली, की सोडून द्या. पुढची वाट अजून उघडी आहे.

पोखरून काढणं

ती वाट म्हणजे तुकडा पूर्ण पोखरणं. भोक मधोमध असेल तर एकेक माप वाढवत 6.5 मिमीपर्यंत जा. इथे स्टडची भिंत इतकी पातळ होते की आट्यांची वळी उरतात. टोकदार सळईने वरचं टोक आत दुमडा, नाकवाल्या पकडीत धरा आणि हळूच ओढा. जुन्या गादीतून स्प्रिंग निघावी तशी लोखंडाची वळी बाहेर येते. हे ज्याने एकदा पाहिलं तो पुन्हा एक्स्ट्रॅक्टर ठोकणार नाही.

उरलेलं टॅपने साफ करा. 8 मिमी, 1.25च्या टॅपला 6.8 मिमीचं भोक लागतं. 6 मिमी, 1.0ला 5 मिमीचं. पहिला टॅप हाताने, अगदी सरळ धरून सुरू करा. अर्धा फेरा पुढे, पाव मागे. ॲल्युमिनियममध्ये रॉकेलचे दोन थेंब टाकले की टॅप लोण्यासारखा चालतो. टॅप अडला तर जोर लावू नका. बाहेर काढा, कीस झाडा. आत तुटलेला टॅप हा एक्स्ट्रॅक्टरइतकाच वाईट.

आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल बसवा. 8 मिमीसाठी 8.3 मिमीचं भोक, संचातला खास टॅप, मग स्प्रिंगसारखं इन्सर्ट, पृष्ठभागापासून पाव ते अर्धा फेरा आत जाईपर्यंत. शेवटी तळाची जिभली तोडून बाहेर काढायला विसरू नका. नीट बसवलेलं हेलिकॉइल ॲल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा मजबूत असतं, त्यात कमीपणा काही नाही.

हातातलं काम नसेल तेव्हा

भोक बाजूला गेलं असेल, आत टॅप किंवा एक्स्ट्रॅक्टर तुटला असेल, तर थांबा. हेड उतरवा आणि स्पार्क मशीनवाल्याकडे न्या. त्यात तांब्याचा किंवा पितळेचा इलेक्ट्रोड ठिणग्यांनी पोलाद कुरतडत जातो. धातू कितीही कडक असला तरी फरक पडत नाही आणि हेडच्या आट्यांना धक्का लागत नाही. ज्या शहरात लेथ आणि डाय बनवणारे आहेत, तिथे हे काम करणारा सापडतोच. थर्मोस्टॅट हाउसिंगसारखा सुटा, छोटा ॲल्युमिनियमचा भाग असेल तर आणखी एक संथ उपाय आहे. तुरटीच्या कडक द्रावणात, काचेच्या भांड्यात, मंद गरम ठेवलं की लोखंडी तुकडा हळूहळू विरघळतो. घड्याळजी पितळेतले तुटलेले स्क्रू असेच काढत. आधी त्या भागातली प्रत्येक लोखंडी वस्तू काढा, आणि ॲल्युमिनियम थोडं काळवंडेल हे धरून चला.

परत बसवताना

स्टड का तुटला ते शोधल्याशिवाय नवा बसवू नका. मॅनिफोल्डचे टोकाचे स्टड सगळ्यात आधी तुटतात, कारण तापल्यावर लांब मॅनिफोल्डची टोकं सगळ्यात जास्त सरकतात. मॅनिफोल्डच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) फट मोजा. वाकलं असेल तर मशीनवर तोंड घासून घ्या, नाहीतर नवा स्टडही तसाच जाईल. दुसरं कारण म्हणजे आधीच्या कुणीतरी इम्पॅक्ट गनने आवळलेले नट. त्याला उपाय टॉर्क रेंच, म्हणजे किती जोर लागतोय ते दाखवणारा पाना.

भोकातलं तेल आणि पाणी हवेने पूर्ण काढा. बंद भोकात द्रव राहिला आणि वरून स्टड फिरवला, तर दाबाने हेडला तडा जाऊ शकतो. सगळे स्टड आणि नट नवे घ्या, तुटलेला एकच नको, बाकीचेही त्याच गंजात होते. एक्झॉस्टच्या आट्यांवर तांब्याचं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) हलकं लावा, पण लक्षात ठेवा, घर्षण कमी झालं की त्याच टॉर्कवर ताण जास्त येतो. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की ओल्या, ते बघूनच आवळा. नट मध्यापासून टोकांकडे, दोन-तीन टप्प्यांत. गॅसकेट नवं. आणि पोर्टमध्ये घातलेले बोळे मोजून बाहेर काढा.

त्या दिवशी थोडं चालवून बघा, पण निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी. पूर्ण थंड इंजिन सुरू करा आणि बॉनेट उघडून मॅनिफोल्डजवळ कान द्या. सुरुवातीला बारीक टिकटिक येत असेल आणि इंजिन तापल्यावर कमी होत असेल तर कुठेतरी गळती आहे. ज्या पोर्टजवळ काजळीची रेघ दिसेल तिथला नट तपासा. टिकटिक नसेल तर हीट शील्ड लावा, तिच्या बोल्टांनाही तेवढंच अँटी-सीझ लावून.